क्विरिनचा हलका पाय

आइटनबाखच्या क्विरिन आइग्नरच्या दारात पंचवीसेक वर्षांत पंचवीसेक नव्याकोऱ्या गाड्या आल्या आणि गेल्या. त्यांतली एकच त्याच्या बायकोने, रोझवीटाने चालवली. तीही एकदाच, एका दुपारपुरती. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे त्यावर हसायचे. रोझवीटाही हसायची. ती हसते म्हणजे तिची काही तक्रार नाही, असं क्विरिन धरून चालला. आता बसलाय कपाळाला हात लावून.

आमचं गाव कारखान्याचं. कारखान्यातल्या माणसाला दर सप्टेंबरात नवी गाडी सवलतीत मिळते. ती वर्षभर वापरायची, पोटच्या पोरासारखी जपायची आणि वर्ष भरलं की परत करायची. मग उत्तरेकडचा कुणी दंतवैद्य येऊन ती घेऊन जातो. त्यामुळे आमच्याकडे जुनी गाडी कुणाकडेच नाही, आणि खरं बोलायचं तर स्वतःचीही कुणाकडे नाही. कुणाचं लग्न कधी झालं, कुणाचा बाप कधी गेला, हेसुद्धा लोक गाडीच्या मॉडेलवरून सांगतात. 'गोल दिवे गेले आणि चपटे आले ना, त्या वर्षी,' असं.

क्विरिन दर वर्षी एकच गाडी घ्यायचा: कारखान्याची मोठी सेडान. चार दारं, आत चामड्याच्या खुर्च्या, बाहेरून बँकेच्या साहेबासारखी गंभीर. पण पाय दाबला की बघता बघता काटा अडीचशेला टेकवणारी. ज्याला वाऱ्यासारखं पळायचंय, पण पळताना कोटाची इस्त्री मोडायला नकोय, अशा माणसासाठी बनवलेली ती गाडी. आणि हा बाबा ती नव्वदने चालवायचा. उजव्या बाजूच्या संथ रांगेत, एखाद्या दुधाच्या टँकरच्या मागे, वारा अडावा म्हणून. उन्हाळ्यात काचा बंद, कारण उघड्या काचेतून वारा शिरला की गाडी जास्त पिते. हिवाळ्यात हीटर बंद, कारण हीटरही पितो. गावात सगळ्यात उंची गाडीत बसलेली रोझवीटा मांडीवर घोंगडी आणि हातात थर्मास घेऊन बसलेली असायची.

त्याची नोकरीच तशी होती. कारखान्यात एक बंद हॉल होता. नवं मॉडेल बाजारात जायच्या आधी त्या हॉलमध्ये यायचं. गाडी साखळ्यांनी बांधायची, चाकं जमिनीतल्या लोखंडी रोलरवर ठेवायची आणि आत क्विरिनने बसायचं. समोरच्या पडद्यावर एक रेघ सरकत असायची. ती वर गेली की वेग वाढवायचा, खाली आली की कमी करायचा, सपाट झाली की थांबायचं. गाडी पळायची, पण जागची हलायची नाही. शेवटी धुराच्या मोजणीतून कळायचं, शंभर किलोमीटरला किती लिटर. आमच्याकडे ॲव्हरेज असंच सांगतात. आकडा जितका खाली, तितकी इभ्रत वर. तो आकडा मग गाडीच्या माहितीपुस्तकात छापला जायचा.

रेघ पाळायची आणि पाळता पाळता पेट्रोलही राखायचं, ही कला होती आणि ती क्विरिनइतकी कुणाला साधली नव्हती. त्यासाठी तो पातळ तळव्याचे कापडी बूट घालायचा. त्याच हॉलमध्ये काम करणारा त्याचा मित्र गिर्गल म्हणायचा, "क्विरिनच्या पायाखाली अंडं ठेवा. फुटायचं नाही, उलट संध्याकाळी त्यातून पिल्लू बाहेर येईल." दर वर्षी इंजिनवाले काहीतरी नवं करायचे, दर वर्षी आकडा थोडा खाली यायचा. श्रेय इंजिनवाल्यांचं होतं, पण क्विरिनला मनातून वाटायचं की आपल्याच पायाने तो आकडा खाली ओढून आणलाय.

एक गोष्ट मात्र त्याला झोंबायची. गाडी विकत घेणारे लोक तक्रारी लिहायचे, की गाडी पुस्तकात छापलंय त्यापेक्षा दोन-तीन लिटर जास्त पिते, तुमचा आकडा खोटा आहे. "गाडी कुठे पिते? ह्यांचे पाय पितात," असं क्विरिन चिडून म्हणायचा. आपला आकडा रोलरवर निघतो तसा रस्त्यावरही निघतो, हे त्याला जन्मभर सिद्ध करायचं होतं.

ते सिद्ध करायची सोयही गावात होती. रोलरच्या हॉलमधल्या मंडळींचं 'पोस्ट' खानावळीत एक ठरलेलं टेबल होतं. त्या टेबलाच्या वर, भिंतीतल्या खुंटीला एक जुना लाकडी बूट टांगलेला असायचा. सप्टेंबरात गाड्या परत द्यायच्या आधीच्या रविवारी, चर्च सुटल्यावर, सगळे आपापल्या गाड्या खानावळीच्या अंगणात आणायचे. खानावळीची मालकीण त्सेन्झी चष्मा लावून प्रत्येक गाडीत डोकवायची आणि डॅशबोर्डवरचा वर्षभराच्या सरासरीचा आकडा मोठ्याने वाचायची. ज्याचा आकडा सगळ्यात खाली, त्याने वर्षभर लाकडी बुटाखाली बसायचं. नियम एकच. गाडी हातात आल्यापासून तो आकडा शून्यावर आणायचं बटण दाबायचं नाही. बहुतेक वर्षं बुटाखाली क्विरिनच बसायचा.

आणि गंमत बघा, अशा माणसाने प्रेमात पडायला बाई कुठली निवडली!

रोझवीटाच्या बापाची छोटी बिअरची भट्टी होती. भट्टीची मालगाडी रोझवीटा चालवायची. गावोगावच्या खानावळींत बिअरची खोकी पोचवायची. वयाच्या विशीत ती ईझार नदीच्या पुलावरून अशी जायची, की बाटल्यांचा खणखणाट आधी ऐकू यायचा आणि मग धूळ दिसायची. कारखान्यात नुकताच लागलेला क्विरिन एकदा आपल्या जुनाट खटाऱ्यातून चालला होता. पुलाच्या वळणावर ती त्याला ओलांडून गेली. संध्याकाळी जत्रेच्या तंबूत त्याने तिला ओळखलं आणि धीर करून म्हणाला, "वळणावर कुणी ओलांडतं का?"

"मला वाटलं तू गाडी उभी करून झोपलायस," ती म्हणाली.

त्या क्षणी तो तिच्यावर भाळला, असं तो स्वतःच सांगायचा. तिच्या त्या दाबलेल्या पायावर भाळलेला माणूस पुढे जन्मभर तोच पाय अडवून बसला. माणसाचं काय सांगावं.

पहिली मोठी सेडान दारात आली तेव्हा रोझवीटाने किल्ली मागितली आणि त्याने आनंदाने दिली. ती लाण्ड्सहूटला बहिणीकडे गेली आणि चहाच्या वेळेला परत आली. गाडीतून उतरली तेव्हा केस विस्कटलेले, गाल लाल. "क्विरी, अरे काय गाडी आहे ही! मी त्या लांबड्या सरळ रस्त्यावर पाय टेकवला ना, तर पाठ खुर्चीला अशी चिकटली की..."

क्विरिनचं लक्ष नव्हतं. तो दारातून आत वाकून डॅशबोर्ड बघत होता. "सतरा!" तो ओरडला. "रोझी, सतरा! अगं, काय केलंस हे? हा आकडा आता वर्षभर खाली यायचा नाही."

रोझवीटाचं वाक्य अर्धंच राहिलं. तिने किल्ली दारामागच्या खिळ्याला अडकवली आणि स्वयंपाकघरात गेली. त्या रात्रीच्या जेवणात बटाट्याचे गोळे कच्चे राहिले होते, हे क्विरिनला आठवतं. ती रडली होती का, ते त्याला आठवत नाही. त्याने बघितलंच नव्हतं.

त्यानंतर दर सप्टेंबरात नवी गाडी दारात उभी राहिली की रोझवीटा विचारायची, "ह्या वर्षी?" आणि क्विरिनकडे उत्तर तयार असायचं. ह्या वर्षी नको, पुढच्या मॉडेलला पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणार आहेत, मग तुझ्या पायालाही परवडेल. पुढच्या मॉडेलला आठ गिअर येतायत. पुढच्या मॉडेलला सिग्नलवर इंजिन आपोआप बंद पडणार आहे. गाड्या खरोखरच वर्षागणिक कमी प्यायला लागल्या. अकरावरून दहावर, दहावरून आठवर, आठाच्याही खाली आल्या. क्विरिनचा हात मात्र तेवढाच आखडता राहिला, कारण आकडा खाली आला की बुटाची शर्यतही खाली सरकायची.

"मी म्हातारी होईपर्यंत ही गाडी नुसत्या हवेवर चालेल," रोझवीटा म्हणायची. "तेव्हा तरी देशील ना?"

"तेव्हा तूच म्हणशील, नको."

"तू वाट बघ हं, मी नको म्हणायची." आणि ती सायकल काढून बाजाराला जायची. वडिलांची भट्टी बंद झाली होती, मालगाडी भंगारात गेली होती. तिच्या पाकिटात वाहन चालवायचा परवाना तेवढा होता. त्यावरचा तरुणपणीचा फोटो ती कधीकधी त्सेन्झीला दाखवायची आणि दोघी हसायच्या.

असं करता करता क्विरिनच्या नोकरीचं शेवटचं वर्ष आलं. त्याच वसंतात कारखान्यात नोटीस लागली. गाड्यांची चाचणी बदलणार होती. नव्या चाचणीत वेग जास्त, वेळ जास्त, रस्त्यासारखेच चढउतार. सप्टेंबरपासून पुस्तकांत नव्या चाचणीचे आकडे छापणार आणि जुने आकडे काढून टाकणार. गाडी तीच, इंजिन तेच, पण पुस्तकातला आकडा एका दिवसात चांगलाच वर चढणार होता. नोटिशीपुढे उभा राहून क्विरिनने ती दोनदा वाचली.

"म्हणजे इतकी वर्षं आपण जे काढलं ते..." तो म्हणाला.

"ते इतिहासजमा," गिर्गल म्हणाला. "चल, भूक लागलीय, लेबरकेसचा पाव गार होतोय."

गिर्गलला असं म्हणता आलं, कारण त्याने आकड्यात जीव अडकवला नव्हता. क्विरिनला मात्र दोन घास गेले नाहीत. आता त्याच्यापाशी एकच पुरावा उरला होता: लाकडी बूट. पुस्तकातून आकडा खोडला तरी रस्त्यावर तो निघाला होता, हे सांगणारी दुसरी वस्तू जगात नव्हती. त्याने मनाशी घेतलं की ह्या शेवटच्या वर्षी बूट जाऊ द्यायचा नाही. आणि नेमकं त्याच वर्षी गिर्गलची गाडी त्याच्या मागोमाग होती. क्विरिनचा आकडा सहा पूर्णांक चार, गिर्गलचा सहा पूर्णांक पाच.

त्याच उन्हाळ्यात रोझवीटाला खिडकीची चौकट वाकडी दिसायला लागली. तिने आधी सुताराला नावं ठेवली. मग चर्चचा मनोराही वाकडा दिसला, तेव्हा ती घाबरली. लाण्ड्सहूटच्या डोळ्यांच्या डॉक्टरणीने तपासलं आणि सांगितलं, की उजव्या डोळ्याची मधली नजर गेलीच आहे. डावा अजून चांगला आहे, इंजेक्शनं देऊ, पण तो किती दिवस साथ देईल ते सांगता येणार नाही. क्विरिन शेजारच्या खुर्चीवरच बसला होता. त्याने शब्दन् शब्द ऐकला.

परत येताना तो नेहमीसारखा एका टँकरच्या मागे नव्वदने चालला होता.

"क्विरी, ऐकलंस ना ती काय म्हणाली?"

"ऐकलं."

"मला ही गाडी चालवायची आहे. एकदाच. महामार्गाने डेगनडॉर्फपर्यंत आणि परत. पाय पूर्ण टेकवून. डोळा आहे तोवर."

टँकरने वेग कमी केला, क्विरिननेही केला.

"इतकी वर्षं मी थट्टेत विचारत आले," ती म्हणाली. "आज थट्टा नाही. मी तुझ्याकडे काही मागितलंय का कधी?"

"देतो ना, रोझी. नाही कुठे म्हणालो?" तो म्हणाला. "फक्त तीन आठवडे थांब. तेवढा आकडा वाचून होऊ दे. गिर्गल एका दशांशाने मागे आहे गं, आणि माझं शेवटचं वर्ष. त्सेन्झीने आकडा वाचला की त्याच अंगणात, त्याच मिनिटाला किल्ली तुझ्या हातात. टाकी भरून ठेवतो. डेगनडॉर्फ काय, पासाऊपर्यंत जा."

"तीन आठवडे," रोझवीटा म्हणाली. तिने बंद काचेतून बाहेर बघितलं. "बरं."

त्या 'बरं'ला तीस वर्षांच्या संसारातल्या कुठल्याही नवऱ्याने दचकायला हवं होतं. क्विरिनला हायसं वाटलं. मी त्या जागी असतो तर, असं म्हणणं सोपं आहे. पण गाडी कडेला घेऊन तिथल्या तिथे जागा बदलायला किती वेळ लागला असता? टँकर पुढे निघून गेला असता, एवढंच.

ते आठवडे क्विरिनने गाडी अंड्यावरून चालवावी तशी चालवली. चाकांतली हवा रोज तपासली. मागच्या डब्यातलं जास्तीचं चाकसुद्धा काढून ठेवलं, उगाच वजन नको म्हणून. रोझवीटाकडे त्याचं लक्ष नव्हतं असं नाही. कॉफी ओतताना ती बोट कपाच्या आत धरायला लागली होती, हे त्याने पाहिलं. पायरीवरून उतरताना पाय चाचपायला लागली होती, तेही पाहिलं. पण पाहिलेल्याचा अर्थ लावायला जागा रिकामी असावी लागते, आणि त्याच्या डोक्यात सहा पूर्णांक चार ठाण मांडून बसलं होतं.

तो रविवार उजाडला. ऊन स्वच्छ होतं. 'पोस्ट'च्या अंगणात गाड्या ओळीने उभ्या होत्या आणि मंडळी बिअरचे पेले घेऊन जमली होती. रोझवीटाने निळा ठेवणीतला झगा घातला होता आणि पायात सपाट बूट, गाडी चालवायला बरे. ती त्सेन्झीच्या दंडाला धरून भिंतीपाशी उभी होती.

त्सेन्झीने गिर्गलच्या गाडीत डोकावून वाचलं, "सहा पूर्णांक पाच." मग क्विरिनच्या गाडीत डोकावली. तिने नेहमीसारखी थट्टा केली नाही, थांबली नाही. "सहा पूर्णांक चार," ती कोरड्या आवाजात म्हणाली आणि चष्मा काढला.

"घे रे बाबा, घे तुझा बूट!" गिर्गल ओरडला. "निवृत्तीनंतर तोच पायात घालून हिंड!" सगळ्यांनी पेले आपटले. क्विरिनच्या छातीवरचं ओझं उतरलं. दिल्या शब्दाला जागायचं म्हणून तो तसाच गर्दीतून निघाला, रोझवीटापाशी गेला आणि किल्ली तिच्या हातात ठेवली. "चल. टाकी काठोकाठ भरलीय. दाब हवा तेवढा."

रोझवीटाने किल्ली मुठीत धरली. ती गाडीपाशी गेली, पण दाराची मूठ तिने हाताने चाचपून शोधली. आत बसली, दोन्ही हात चाकावर ठेवले आणि तशीच बसून राहिली. क्विरिन दारात वाकून उभा होता.

"फाटक कुठे आहे?" तिने विचारलं.

"हे काय, समोर."

"समोर मला काही दिसत नाही. कडेला तुमचे सगळ्यांचे बूट दिसतायत. मध्ये नुसतं राखाडी."



"कधीपासून?" क्विरिनने विचारलं.

"मागच्या मंगळवारपासून. बटाटे सोलत होते. त्सेन्झीच घेऊन गेली मला डॉक्टरणीकडे. आत रक्त साकळलंय म्हणाली. आता एवढंच राहणार."

"अगं, मग मला सांगायचं नाहीस?"

"सांगून तू काय केलं असतंस?" रोझवीटा म्हणाली. "म्हणाला असतास, पुढच्या मॉडेलला बघू."

हेच वाक्य तिने एरवी म्हटलं असतं तर अंगण हसलं असतं. आज कुणी हसलं नाही. गिर्गलने पेला खाली ठेवला. रोझवीटाने इंजिन चालू केलं आणि गाडी जागची न हलवता पाय खोल दाबला. चारही धुराड्यांतून अशी गर्जना निघाली, की खानावळीच्या काचा थरथरल्या आणि कौलांवरची कबुतरं उडाली. ती समोरच्या राखाडीकडे बघत पाय दाबून बसली होती. मग तिने पाय उचलला, इंजिन बंद केलं आणि पलीकडच्या खुर्चीवर सरकली.

"चालव," ती म्हणाली. "डेगनडॉर्फला. तुझ्या पायाने तरी."

खुंटीवरचा बूट खुंटीवरच राहिला. दोघं निघाले.

रविवारी आमच्या महामार्गावर ट्रकांना बंदी असते, आणि वेगाला मर्यादा कधीच नसते. रस्ता मोकळा पडला होता, मागे लागायला एक टँकर नव्हता. क्विरिन डावीकडच्या वेगवान रांगेत शिरला आणि त्याने पाय दाबला. काटा शंभरावर गेला, एकशे वीसवर गेला, आणि पुन्हा खाली आला. त्याने परत दाबला. काटा वर गेला आणि परत खाली आला.

"काय झालं?" रोझवीटाने विचारलं.

"पाय," तो म्हणाला. "दाबतच नाही गं. मी दाबतोय आणि तो आपोआप वर येतोय." आणि त्या साठीला टेकलेल्या माणसाला हुंदका आला. "रोझी, माझं चुकलं. त्याच दिवशी द्यायला हवी होती मी गाडी. त्याच दिवशी, तिथेच."

"हो," रोझवीटा म्हणाली. "द्यायला हवी होतीस."

मग तिने हात पुढे केला, त्याची मांडी चाचपली आणि उजव्या गुडघ्यावर तळवा ठेवला. "हाच ना तो?"

"हाच."

"तू नुसतं सरळ धर. बाकी माझ्याकडे." आणि तिने सगळा भार देऊन तो गुडघा खाली दाबला.

गाडीने झेप घेतली. दोघांच्या पाठी खुर्चीला चिकटल्या. तिने दुसऱ्या हाताने काच खाली केली आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्या घरातल्या गाडीत वारा शिरला. "किती?" ती वाऱ्यावरून ओरडली. "एकशे ऐंशी!" तो ओरडला. "दोनशे! रोझी, दोनशे वीस!" तिचा हात ढिला पडला नाही.

"समोर काय आहे?"

"रस्ता!"

"अरे, रस्ता असतोच! दिसतंय काय?"

क्विरिनने मान वर करून बघितलं. ह्या रस्त्यावरून तो हजारदा गेला असेल, पण कायम टँकरचं बूड नाहीतर डॅशबोर्डवरचा आकडा बघत. "मका आहे," तो म्हणाला. "कापणीला आलाय. एक चर्च आहे, हिरव्या घुमटाचं. आणि पुढे डोंगर आहेत गं. निळे. एकामागे एक."

"किती ओळी?"

"तीन. नाही, चार."

"चार," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वाऱ्याने असेल, नसेलही.

डेगनडॉर्फच्या अलीकडे तिने हात उचलला आणि गाडी हळूहळू उताराला लागल्यासारखी मंदावली. क्विरिनने ती एका थांब्यावर घेतली. इंजिन बंद केल्यावर तापलेलं लोखंड टिकटिक करत राहिलं. रोझवीटाचे पांढरे केस विस्कटले होते आणि गाल लाल झाले होते. असे गाल त्याने एकदाच पाहिले होते, आणि पाहूनही पाहिले नव्हते.

"आता आकडा सांग," ती म्हणाली. "किती बिघडवला मी?"

क्विरिनने डॅशबोर्डकडे बघितलं. सहा पूर्णांक चार. एक दशांशही हलला नव्हता. कसा हलणार? वर्षभराच्या हजारो किलोमीटरांत हे पाव-अर्ध्या तासाचं पळणं म्हणजे पाण्याच्या पिंपात एक पेला. हे गणित त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी आलं असतं. त्याचा धंदाच तो होता. तीन आठवड्यांपूर्वी, त्या टँकरच्या मागे, त्याने ते मांडून बघितलं असतं तर उत्तर हेच आलं असतं. त्याने मांडलंच नाही. आणि त्या पहिल्या गाडीचं तर त्याला तेव्हाच कळलं होतं. गाडी कोरी होती म्हणून आकडा सतरावर उडाला होता. नाताळच्या आधीच तो खाली आला होता, त्या वर्षी बूटसुद्धा त्यालाच मिळाला होता. रोझवीटाला तो हे कधी बोलला नव्हता.

"काय रे? एवढा वाईट आहे?"

"सतरा," क्विरिन म्हणाला.

"सतरा!" ती हसली. पुलाच्या वळणावरचं ते जुनं हसू. मग तिने डोकं मागे टेकलं आणि त्या राखाडीकडे बघत हळूच म्हणाली, "म्हणजे आता वर्षभर खाली यायचा नाही."

"नाही," क्विरिन म्हणाला. "आता नाही यायचा."